‘ऑरेंज’ लिहिण्याआधी: संत्र्याविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

नागपुरात ‘ऑरेंज’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. शहर ऑरेंज सिटी, मेट्रोची एक लाइन ऑरेंज, आणि घरात आलेल्या पाहुण्याला आपण कौतुकानं सांगतो, ‘अवर ऑरेंजेस आर फेमस.’ संत्रा म्हणजे ऑरेंज हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इंग्रजीत पहिलं कोटेशन, पहिलं लेबल किंवा हॉटेलचा मेनू लिहिताना त्या शब्दापाशी हात थांबतच नाही. तो थांबायला हवा. लंडनमधला किंवा न्यूयॉर्कमधला माणूस ‘ऑरेंज’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आपला संत्रा येत नाही. येतं ते मोसंबीच्या कुळातलं, घट्ट सालीचं, सुरीनं कापायचं फळ. आपल्या संत्र्याला तो ‘मँडरिन’ म्हणतो.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडची कितीतरी मुलं आता घरच्या बागेचा माल स्वतः विकायला लागली आहेत. कुणी शेतकरी कंपनीचं इंग्रजी पानं भरतं, कुणी संत्रा बर्फीच्या डब्यावरचा मजकूर लिहितं, कुणी अनुवादाचं काम घेतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पायऱ्या क्रमानं घ्या. पहिल्या दोन-तीन नीट जमल्या की पुढचं अवघड नाही.

पहिली पायरी: फळ, रंग की नाव?

इंग्रजी मजकुरात ‘ऑरेंज’ दिसला किंवा स्वतः लिहायची वेळ आली, की आधी ठरवा की हा शब्द फळासाठी आहे, रंगासाठी आहे, की कशाचं तरी ठरलेलं नाव आहे.

नाव असेल तर हात लावू नका. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते ती मेट्रोची ‘ऑरेंज लाइन’; तिला संत्रा मार्गिका म्हणून उपयोग नाही. हवामान खात्याचा ‘ऑरेंज अलर्ट’ही तसाच. हिरवा, पिवळा, ऑरेंज आणि लाल अशा चार पायऱ्यांमधली ती तिसरी, आणि तिचा अर्थ ‘तयार राहा’. पिवळ्याचा अर्थ ‘लक्ष ठेवा’, लालचा ‘आता कृती करा’. मराठीत नारंगी इशारा लिहिलं तरी चालतं, पण सोबत ‘तयार राहा’ हे दोन शब्द लिहा. पावसाळ्यात वाचणाऱ्याला रंगापेक्षा त्या दोन शब्दांची गरज जास्त असते.

रंग असेल तर मराठीकडे जास्त शब्द आहेत आणि इंग्रजीकडे एकच मोठा डबा. नारिंगी, केशरी, भगवा, शेंदरी हे चारही इंग्रजीत सैलपणे ‘ऑरेंज’ होतात. उलट दिशेनं जाताना मात्र निवड करावी लागते. तिरंग्याचा वरचा पट्टा इंग्रजीतही ‘सॅफ्रन’च, त्याला ऑरेंज लिहू नये. भगव्या झेंड्यालाही तेच. पिकलेल्या संत्र्याच्या सालीचा रंग नारिंगी, जिलबीचा केशरी, हनुमानाच्या मूर्तीचा शेंदरी. डबा छापायला देताना ‘ऑरेंज कलर’ एवढंच सांगितलं तर छापखान्यातून काहीही येऊ शकतं. रंगाचा नमुना द्या, बाकी वाद संपतो.

गंमत अशी की इंग्रजीत हा शब्द आधी फळाचा होता, रंगाचा मागाहून झाला, साधारण सोळाव्या शतकात. आणि तो मूळचा आपल्याच अंगणातून गेलेला आहे. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, तिथून स्पेन-फ्रान्समार्गे इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळून पडला. आपलं ‘नारिंगी’ आणि त्यांचं ‘ऑरेंज’ ही एकाच झाडाची फांदी. पण म्हणून अर्थही एकच, असं नाही.

दुसरी पायरी: फळ हातात घेऊन पाहा

ही पायरी शब्दकोशातून होत नाही. बाजारात जा. ‘संत्रे कसे दिले भाऊ?’ म्हणत एक संत्रा घ्या आणि शेजारच्याच हातगाडीवरून एक मोसंबी. दोन्ही टेबलावर ठेवा.

संत्र्याच्या देठापाशी अंगठा दाबा. तिथं साल थोडी वर उचललेली, सैल असते. अंगठा सहज आत जातो, आणि साल फळापासून आपोआप सुटत येते, कारण दोघांच्या मध्ये जागा असते. साल निघाली की पांढऱ्या शिरांची जाळी दिसते. दहा-बारा फोडी ओढल्या की एकेक सुटी होते, आणि मध्ये गाभा पोकळ असतो. आता मोसंबीवर तोच अंगठा दाबून पाहा. नख रुततं, सालीतलं तेल बोटांना लागतं, पण साल सुटत नाही. सुरी घ्यावी लागते. आतल्या फोडी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि मधला गाभा भरीव.

हाच फरक इंग्रजी शब्दांत आहे. सैल सालीचं, हातानं सोलता येणारं, थोडं चपटं फळ म्हणजे मँडरिन. घट्ट सालीचं, गोल, रसासाठी कापायचं ते ऑरेंज, आणि काटेकोर बोलायचं तर ‘स्वीट ऑरेंज’. शास्त्रीय नावंही वेगळी आहेत. नागपुरी संत्रा सायट्रस रेटिक्युलाटा, मोसंबी सायट्रस सायनेन्सिस. मँडरिन ही लिंबूवर्गातल्या मूळ फळांपैकी एक. स्वीट ऑरेंज मात्र मँडरिन आणि पपनस यांच्या संकरातून आलेलं आहे. म्हणजे संत्रा हा ऑरेंजचा एक प्रकार नसून, नात्यानं पाहिलं तर ऑरेंजच्या पूर्वजांच्या घरातला आहे.

मग आपण सगळे चुकीचं बोलतो का? तसं मुळीच नाही, आणि नवख्यांनी इथंच गडबड करून घेऊ नये. इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा शब्द सैल वापरात अख्ख्या गोतावळ्याला चालतो, अंकल म्हटलं की काकाही आले, मामाही आले, तसा. भारतीय इंग्रजीत तर ‘ऑरेंज’ म्हणजे संत्रा हे सर्वमान्य आहे. नागपुरातल्या दुकानाच्या पाटीवर, पुण्याच्या ग्राहकाला पाठवलेल्या यादीत, शाळेच्या निबंधात ‘ऑरेंज’च लिहा. तिथं ‘मँडरिन’ लिहिलं तर वाचणारा उलट बुचकळ्यात पडेल. फरक पाळायचा तो माल, पैसा किंवा औषध यांचा निर्णय त्या शब्दावर होणार असेल तेव्हा.

तिसरी पायरी: मँडरिनची भावंडं ओळखा

मँडरिन हे मोठं कुटुंब आहे आणि त्यातली नावं परदेशी यादीत सारखी भेटतात. प्रत्येकाचा इतिहास पाठ करायची गरज नाही, पण एकमेकांच्या जागी वापरू नका.

‘टँजरिन’ हे नाव मोरोक्कोतल्या टँजियर बंदरावरून आलं. अमेरिकेत गडद रंगाच्या मँडरिनला बरेचदा टँजरिन म्हणतात. ‘सात्सुमा’ जपानचं, तिथल्या जुन्या प्रांताचं नाव मिरवणारं, जवळपास बिनबियांचं. ‘क्लेमेंटाइन’ अल्जीरियात सापडलं आणि तिथल्या क्लेमेंट नावाच्या धर्मबंधूवरून त्याला नाव मिळालं. ब्रिटनच्या दुकानांत या साऱ्यांना मिळून ‘ईझी पीलर’ म्हणतात, म्हणजे सहज सोलता येणारी. नागपुरी संत्र्याची ओळख करून देताना हा शब्द फार कामाचा आहे, कारण सोलायची सोय हा आपल्या फळाचा मोठा गुण आहे.

‘किनो’ हिवाळ्यात नागपुरातही हातगाड्यांवर संत्र्याशेजारीच दिसतो. तोही मँडरिनच, पण संकरित. किंग आणि विलो लीफ या दोन मँडरिनांचा संकर कॅलिफोर्नियात १९१५ साली केला गेला आणि १९३५ साली तो किनो या नावानं बाहेर आला. आज तो पंजाबचं पीक आहे. साल संत्र्याइतकी सैल नाही, रंग तजेलदार, बिया जास्त. किनोला इंग्रजीत ‘नागपूर ऑरेंज’ म्हणून विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक, आणि लिहिणाऱ्यानं तिच्यात सामील होऊ नये.

मॉलमध्ये चकचकीत स्टिकर लावलेली, आयात केलेली ‘ऑरेंज’ असतात ती बहुधा ‘नेव्हल’ किंवा ‘व्हॅलेन्शिया’. दोन्ही स्वीट ऑरेंज. नेव्हलच्या तळाशी बेंबीसारखी खळगी असते, नाव त्यावरूनच पडलं.

चौथी पायरी: घेणारा कोणत्या भाषेतून वाचतो ते पाहा

इंग्रजी पत्र वाचणारा माणूस इंग्रजीतच विचार करतो असं नाही. हे ध्यानात आलं की निम्मे घोटाळे टळतात.

विदर्भाच्या संत्र्याचा जुना आणि मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. बंगालीत संत्र्याला ‘कमला’ म्हणतात आणि स्वीट ऑरेंजला ‘माल्टा’. दोन्ही फळं तिथल्या बाजारात वेगळी, भावही वेगळे. ढाक्याच्या व्यापाऱ्याला तुम्ही नुसतं ‘ऑरेंज’ लिहून पाठवलं तर ‘कमला की माल्टा?’ हा प्रश्न येणारच. पहिल्याच पत्रात ‘मँडरिन’ लिहून पुढं ‘कमला’ असं घाला, एक फेरी वाचते. हैदराबादकडे माल जात असेल तर तेलुगूत संत्रा ‘कमला’ आणि मोसंबीच्या जातीचं ते ‘बत्तायी’. अरबीत स्वीट ऑरेंजला ‘बुर्तुकाल’ म्हणतात, पोर्तुगालवरून आलेला शब्द, आणि मँडरिनला ‘युसुफी’. आखातात फळ पाठवणाऱ्यानं एवढे दोन शब्द तरी जवळ ठेवावेत.

आपल्या मराठीतही सगळीकडे एकच रूप नाही. आपण इकडे ‘संत्रा गोड निघाला’, ‘चार संत्रे दे’ म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात ‘संत्रं’ आणि ‘संत्री’. मुंबई-पुण्यासाठी मजकूर लिहिताना ‘संत्री’ वापरायला हरकत नाही, पण बागेतल्या माणसाच्या तोंडी ‘संत्रे’च राहू द्या.

पाचवी पायरी: कागदपत्रांत शब्द नव्हे, आकडा पाहा

इथं नवखे सर्वाधिक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

निर्यातीच्या कागदांवर प्रत्येक मालाला एक आंतरराष्ट्रीय वर्गवारीचा क्रमांक असतो. त्याला बोलताना एचएस कोड म्हणतात. ताजी आणि सुकवलेली लिंबूवर्गीय फळं सगळी ०८०५ या शीर्षकाखाली येतात. त्याखाली फाटे फुटतात. ०८०५ १० म्हणजे ऑरेंज. ०८०५ २१ म्हणजे मँडरिन, त्यातच टँजरिन आणि सात्सुमा. ०८०५ २२ क्लेमेंटाइन. ०८०५ ४० ग्रेपफ्रूट आणि पपनस. ०८०५ ५० लेमन आणि लाइम. २०१७ पूर्वी मँडरिन, क्लेमेंटाइन आणि त्यांची संकरित भावंडं एकाच ०८०५ २० क्रमांकाखाली होती. त्या वर्षीच्या सुधारणेत त्यांना वेगवेगळे क्रमांक मिळाले. म्हणून जुन्या बिलांचा नमुना डोळे झाकून उतरवू नका.

आता समजा, तुमच्या मामांच्या बागेतला माल आहे आणि इन्व्हॉइस तुम्ही बनवता आहात. मालाच्या वर्णनात तुम्ही ‘फ्रेश ऑरेंजेस’ लिहिलं. कस्टम हाउस एजंटनं, म्हणजे सीमाशुल्काचं कागदकाम करून देणाऱ्यानं, वर्णन वाचून ०८०५ १० घातला. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर मात्र वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहावं लागतं, तिथं सायट्रस रेटिक्युलाटा आलं. एका कागदावर स्वीट ऑरेंज, दुसऱ्यावर मँडरिन, आणि गाडीत एकच फळ. तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रश्न रास्तच असतो. आयात शुल्कही फळागणिक वेगळं असू शकतं. ताजं फळ अशा चौकशीत थांबून राहिलं तर नुकसान बागवाल्याचं.

म्हणून वर्णन असं लिहा: ‘फ्रेश मँडरिन, व्हरायटी नागपूर, सायट्रस रेटिक्युलाटा’. मग कोड, मग शास्त्रीय नाव असलेलं प्रमाणपत्र, आणि तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बोट ठेवून पाहा. अंतिम कोड एजंटकडून तपासून घ्यावा, पण त्याला वर्णन बरोबर देणं आपलं काम.

आणखी एक छोटी गोष्ट. आपल्याकडे प्लास्टिकच्या पेटीला सगळे ‘कॅरेट’ म्हणतात. इंग्रजीत लिहिताना तो ‘क्रेट’. कॅरेट हे हिऱ्याचं वजन. नागपूरच्या कळमना बाजारात भाव टनावर बोलला जातो, किरकोळीत डझनावर; परदेशी यादीत किलो आणि क्रेटमधलं निव्वळ वजन लिहा.

सहावी पायरी: मग ‘नागपूर ऑरेंज’ या नावाचं काय?

इतकं सगळं वाचल्यावर कुणाला वाटेल की आता सगळीकडे ऑरेंज खोडून मँडरिन लिहावं. थांबा. ‘नागपूर ऑरेंज’ हे नाव २०१४ साली भौगोलिक मानांकनात नोंदलं गेलं आहे. ते नाव म्हणून तसंच राहतं, त्यात एक अक्षर बदलायचं नाही. त्याच वेळी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे इंग्रजी शोधनिबंध उघडलेत तर तिथं ‘नागपूर मँडरिन’ दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. एक बाजारातलं मानाचं नाव, दुसरं शास्त्राचं.

लेबलवर हे दोन्ही सुखानं नांदतात. वर मोठ्या अक्षरांत ‘नागपूर ऑरेंज’, खाली लहान अक्षरांत ‘फ्रेश मँडरिन, ईझी टू पील’. नाव आपलं राहिलं आणि घेणाऱ्याला फळ कळलं. मला स्वतःला ही जोडी फार आवडते. आपल्या भागाचं नाव पुढं आणि खरी ओळख लगेच मागं, यात कुणाचीच दिशाभूल नाही. मानांकनाची खूण छापायची असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तिच्यावाचून ती खूण वापरू नका.

‘सीडलेस’ हा शब्द मात्र सावधपणे. नागपुरी संत्र्याला बिया असतात. कमी बियांच्या निवडलेल्या जाती आहेत, पण बागेत ती जात खरोखर लावलेली असेल तरच तो शब्द लिहा.

सातवी पायरी: बहार, पक्वता आणि रंग

‘बहार’ मोबाइलच्या अनुवादात टाकलात तर ‘स्प्रिंग’ येतं, म्हणजे वसंत ऋतू. बागवाल्याचा बहार म्हणजे पीक. ‘अंबिया क्रॉप’, ‘मृग क्रॉप’ असं लिहा आणि लगोलग महिने द्या, कारण अंबिया म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळण्याचं कारण नाही. अंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात, आणि फळ दिवाळीच्या आसपास सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतं. मृगाचा बहार पावसाबरोबर येतो, त्याचं फळ फेब्रुवारी ते एप्रिल.

याहून महत्त्वाची जोडी आहे ‘रायप’ आणि ‘मॅच्युअर’. मराठीत आपण दोन्हीला ‘पिकलं’ म्हणून मोकळे होतो. आंबा, केळी तोडल्यावरही पिकतात. संत्रा तसा नाही. झाडावर असेपर्यंत जी गोडी भरली ती भरली, तोडल्यावर ती वाढत नाही. म्हणून संत्र्यासाठी योग्य शब्द ‘मॅच्युअर’, म्हणजे तोडणीला तयार. ‘विल रायपन इन ट्रान्झिट’, म्हणजे वाटेत पिकेल, असं वाक्य संत्र्याच्या कोटेशनमध्ये कधी लिहू नका. जाणकार खरेदीदार तिथंच कागद बाजूला ठेवेल.

आणि हिरवा म्हणजे कच्चा, असंही नाही. अंबियाचं सुरुवातीचं फळ आतून तयार असूनही बाहेरून हिरवट असतं, कारण सालीला नारिंगी रंग चढायला रात्री थंड व्हाव्या लागतात. असं फळ रंगवण्यासाठी बंद खोलीत मोजून इथिलीन वायू देतात. यानं सालीतला हिरवा रंग जातो, आतल्या गोडीला काही होत नाही. याला इंग्रजीत ‘डिग्रीनिंग’ म्हणतात. नवखे याचं ‘आर्टिफिशियल रायपनिंग’ करून टाकतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात लगेच कार्बाइडची शंका येते. कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. एका चुकीच्या शब्दानं चांगल्या मालावर असा संशय येतो.

आठवी पायरी: मोसंबी आणि लिंबू

मोसंबीसाठी भारतीय इंग्रजीत ‘स्वीट लाइम’ रूढ आहे. ज्यूस सेंटरच्या पाटीवर ते चालू द्या. बाहेरच्या घेणाऱ्याला मात्र ‘स्वीट ऑरेंज, मोसंबी व्हरायटी’ लिहा. स्वीट लाइम हे खरं तर वेगळंच, गोड लिंबाचं फळ आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘स्वीट ऑरेंज’ याच नावानं.

लिंबाचंही तसंच. आपलं कागदी लिंबू, पातळ सालीचं, गोल, पोह्यांवर पिळायचं, ते ‘लाइम’. ‘लेमन’ मोठं, लांबट, जाड सालीचं, दोन्ही टोकांना निमुळतं. ‘लेमन राइस’ असं जे रूढ झालंय ते तसंच राहू द्या. लोणच्याच्या निर्यातीच्या डब्यावर घटक लिहिताना ‘लाइम’ लिहा.

नववी पायरी: रस, ड्रिंक, स्क्वॅश

ही पायरी घरगुती पेय बनवून विकणाऱ्या ताईंसाठी. ‘ज्यूस’, ‘ड्रिंक’ आणि ‘स्क्वॅश’ हे शब्द आवडीनुसार बदलायचे नाहीत, त्यांच्यामागे नियम आहेत. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे फळांच्या पेयात, म्हणजे ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये, किमान १० टक्के रस लागतो, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के. ज्यात फळाचा रसच नाही, फक्त वास आणि चव घातली आहे, ते ‘ऑरेंज फ्लेवर्ड’. तिथं बाटलीवर सोललेल्या संत्र्याचं चित्र टाकायचा मोह आवरा. २०२४ मध्ये एफएसएसएआयनं पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘शंभर टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावा काढून टाकायला सांगितलं. लेबल छापण्याआधी सध्याचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

बर्फी, मार्मलेड बनवणाऱ्यांना सालीचे शब्दही लागतात. ‘पील’ म्हणजे अख्खी साल. ‘झेस्ट’ म्हणजे किसणीनं काढलेला फक्त वरचा रंगीत, तेलकट थर. ‘पिथ’ म्हणजे आतला पांढरा, कडसर भाग. पाककृतीत झेस्ट सांगितला असेल आणि अनुवादात नुसतं ‘साल’ आलं, तर करणारी बाई पांढऱ्या भागासकट किसेल आणि पदार्थ कडू होईल. ‘सालीचा वरचा नारिंगी भाग, पांढरं न येऊ देता किसून’ असं पूर्ण लिहा. आणि विलायती मार्मलेडच्या कृतीत ‘सेव्हिल ऑरेंज’ असेल तर ते कडवट फळ आहे; संत्रा घालून तीच चव येणार नाही, हे वाचकाला सांगून टाका.

दहावी पायरी: ग्रेपफ्रूट

हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण इथं चूक झाली तर नुकसान पैशाचं नाही, माणसाच्या तब्येतीचं होतं.

काही औषधांच्या माहितीपत्रकावर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये, त्याचा रस पिऊ नये’ अशी सूचना असते. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिन आणि अटोर्व्हास्टॅटिनवर, रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर, अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसवर ती आढळते. नागपुरात छत्तीसगड, मध्य प्रदेशापासून रुग्ण उपचारांना येतात, आणि अशी पत्रकं मराठी-हिंदीत करायचं काम नवख्या अनुवादकांकडे येतं. ‘ग्रेप’ दिसतं म्हणून कुणी ‘द्राक्ष’ लिहितं. कुणी चित्र पाहून ‘संत्रा’ लिहितं. दोन्ही चूक. पहिल्यानं रुग्ण विनाकारण द्राक्षं सोडतो आणि ज्यापासून जपायचं ते खात राहतो. दुसऱ्यानं थंडीचे चार महिने घरात ढीग असलेला संत्रा त्याला वर्ज्य होतो.

ग्रेपफ्रूट हे पपनस आणि स्वीट ऑरेंज यांच्या संकरातून आलेलं मोठं, कडवट-आंबट फळ. झाडावर घोसानं लागतं म्हणून त्याला हे नाव पडलं असं मानतात. त्यातली काही द्रव्यं आतड्यातल्या एका प्रथिनाचं (एन्झाइमचं) काम अडवतात. ते प्रथिन एरवी औषधाचा काही भाग मोडून टाकतं. ते अडलं की तेवढ्याच गोळीतून रक्तात जास्त औषध जातं. पपनस आणि कडवट सेव्हिल ऑरेंज यांच्यातही ही द्रव्यं असतात. गोड संत्रा आणि मोसंबी यांच्याबाबत तशी सूचना सहसा नसते.

म्हणून मराठीत ‘ग्रेपफ्रूट’ हाच शब्द ठेवा आणि पुढं एक वाक्य लिहा: ‘हे पपनसासारखं मोठं, कडवट फळ आहे, द्राक्ष किंवा संत्रा नव्हे. पपनसाबद्दलही डॉक्टरांना विचारा.’ आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचितच मिळतं, पण पपनस मिळतं, आणि रुग्णाच्या घरी तेच येण्याची शक्यता जास्त. तयार मजकूर छापायला देण्याआधी तो डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवून त्यांची सही घ्या, आणि मूळ इंग्रजी ओळ त्यांच्यासमोर ठेवूनच घ्या.